टोकाच्या मचाणावरची ओ

रविवार, २१ नोव्हेंबर २००४, दुपार. हजर: आई, वहिनी, मी आणि सपरीतल्या, म्हणजे ओसरीवरच्या, खाटेवर झोपलेला भाऊ. भावाची मुलगी वसतिगृहात होती. शेजारचं घर बंद होतं, सगळी माणसं शेतावर गेली होती. ही हजेरी मी मुद्दाम मांडते आहे. त्या दुपारी सपरीत आणखी कोणीतरी होतं असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. मी मात्र माणसं मोजली होती. कुठेही गेले की आधी माणसं मोजायची आणि मग कामं, ही माझी सवय आहे.

मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीला राहते. माझं माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, इटियाडोहच्या कालव्याखाली, जंगलाच्या कडेला आहे. दिवाळीनंतर मी दरवर्षी जाते आणि जाताना कामांची यादी नेते. आईचा चष्मा, वहिनीच्या मशीनची सुई, कुडाच्या भिंतीचं लिंपण. त्या वर्षी यादीत पहिलं काम भावाचं होतं. त्याला वर्षभरापासून साखरेच्या गोळ्या चालू होत्या. हलक्या धानाच्या कापणीत पायाच्या अंगठ्याजवळ धसकट रुतलं होतं आणि ती जखम भरतच नव्हती. गावाजवळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. भावाला अंगठ्याशिवाय चिखलात रोवणी करता आली नसती, बांधावर तोल राहिला नसता. त्याला गोंदियाला न्यायला मी आले होते.

वहिनी पथ्य कडक पाळत होती. भात अर्धा केला होता, चहातली साखर बंद केली होती. तरी आकडा वरच. घरामागे भाऊ लघवीला बसायचा तिथे काळ्या मुंग्यांची रांग सकाळी उन्हं यायच्या आत लागलेली असायची. वहिनी त्यावर राख टाकायची आणि म्हणायची, "पाहा बाई, आमच्या घरी यायले मुंग्यांले निवतं लागत नाही."

त्या दुपारी जेवणं झाली, भाऊ सपरीत आडवा झाला. आम्ही तिघी आतल्या दाराशी लाखोळीची डाळ निवडत बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन होतं. खळ्यावर धानाचे पुंजणे, रचलेल्या भाऱ्यांचे ढीग, उभे होते, त्यांच्या सावल्या आखूड पडल्या होत्या. आणि झोपलेल्या भावानं हाक दिली.

"होऽऽऽ रे होऽऽ!"

जागलीची हाक. लहानपणापासून ऐकलेली. आमच्याकडे धान पोटरीला आलं की रानडुकरांपासून राखायला शेतात मचाण बांधून रात्रभर जागतात, त्याला जागल म्हणतात. मचाणं एका ओळीत असतात, जंगलाच्या टोकापासून कालव्यापर्यंत. टोकाचा माणूस हाक देतो, पुढचा तिला ओ देतो आणि आपली हाक पुढे देतो. अशी ती रात्रभर फिरत राहते. डुकरं पळावीत हा एक हेतू. दुसरा हेतू असा की प्रत्येक मचाणावरचा माणूस जागा आहे, जिवंत आहे, हे बाकीच्यांना कळावं. ओ आली नाही तर शेजारच्यानं उतरून बघायला जायचं. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण तो कोणी मोडतही नाही.

ती हाक मी दिवसाउजेडी कधी ऐकली नव्हती. भावाचे डोळे मिटलेले होते. हाक देऊन तो थांबला. थांबला म्हणजे झोपलेला माणूस गप्प होतो तसा नाही. मान किंचित वर उचलून, कान देऊन थांबला. शेतातून ओ यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

"हो! हो! आली!" आई ओरडली आणि डाळीचं सूप सांडत धावली. वहिनी तिच्यामागे पाण्याचा गडवा घेऊन. दोघींनी त्याला खांदे धरून उठवलं, तोंडावर पाणी मारलं.

"नाव सांग! बाबू, नाव सांग तुझं!"

भावानं डोळे उघडले. ते कुठे पाहत होते कोण जाणे. त्यानं नाव सांगितलं. ते त्याचं नव्हतं. टोकाच्या मचाणावरच्या म्हाताऱ्याचं होतं.

आईनं त्याच्या गालावर चापट मारली. "तुझं सांग, तुझं!"

तेव्हा त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आणि वैतागून म्हणाला, "काऊन उठवून राहिले मले? झोपू द्या ना जरा."

"झोप आता," वहिनी म्हणाली. पण तो उठलाच. भूक लागली म्हणाला. जेवून तास झाला नव्हता, तरी डब्यातला चिवडा त्यानं उभ्या उभ्या संपवला.

टोकाच्या मचाणावरचा म्हातारा जंगलाकडच्या टोलीवरचा, म्हणजे वाडीवरचा, आमच्या शेताला लागून त्याचं शेत. आम्ही त्याला बाबा म्हणायचो. आधीच्या वर्षीच्या जागलीत तो मचाणावरच गेला होता.

"झोपेतली हाक मोकडी नाही सोडू," आईनं मला संध्याकाळी समजावलं. "घरच्यानं ओ नाही देली त दुसरा कोनी देते. मग मानूस त्याच्यामागं चालला जाते. म्हनून ओ देयाची, अन् पुरता जागा करून नाव इचाराचं."

"रोज होतं हे?"

सासूला आत्याबाई म्हणणारी वहिनी हसली. "रोज? रात्री कितींदा! आम्ही पाऱ्या लावल्या आहेत, बाई. अर्धी रात आत्याबाईची, अर्धी माही. सरकारी पाहारा आहे तुमच्या भावावर."

तिच्या डोळ्यांखाली काळं उतरलं होतं. आई बसल्या जागी पेंगत होती. वर्षभरात त्या घरात कोणीच एक रात्र धड झोपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाबरोबर शेतावर गेले. तो पायाला फडकं बांधून, टाचेवर भार देत चालत होता. धान उचललं गेलं होतं, बांध्या, म्हणजे बांधांमधली खाचरं, मोकळ्या पडल्या होत्या. सगळी मचाणं उतरवलेली होती. फक्त टोकाचं एक जंगलाला पाठ लावून उभं होतं. म्हाताऱ्याचा मुलगा कामासाठी नागपूरकडे निघून गेला होता, शेत पडीत होतं, तिथे गवत माजलं होतं.

मचाण उतरवण्याचीही आमच्याकडे रीत आहे. आपलं आपण उतरवायचं नाही. जो आपल्याला ओ देतो त्यानं उतरवायचं. म्हणजे जागल दोघांच्या साक्षीनं संपते. म्हाताऱ्याला ओ द्यायचा तो भाऊ. तेव्हा ते काम त्याचंच होतं, आणि एक वर्ष राहून गेलं होतं.

"भाऊ, हे उतरवलं नाहीस?"

तो बांधावर बसला. बराच वेळ अंगठ्यावरचं फडकं सारखं करत राहिला. मग म्हणाला, "त्या राती मी झोपलो होतो, बाई."

"माहीत आहे. दिवसभर कापणी केली होतीस."

"डोया लागला अन् उजाडलंच. हाक नाही, ओ नाही. मी धावत आलो. बाबा बसून होता, खांबाले टेकून. घोंगडं पांघरून. डोये उघडे, माह्या मचानाकडं. मी म्हटलं जागा आहे."

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की हृदय बंद पडलं, क्षणात झालं असावं, कोणी पोहोचून उपयोग नव्हता. गावातही भावाला कोणी बोल लावला नाही. म्हाताऱ्याच्या मुलानं उलट त्याच्याच गळ्यात पडून रडून घेतलं होतं.

"त्यानं हाक देली होती का नव्हती, एवढंच मले समजत नाही," भाऊ म्हणाला. "देली असन त कितींदा देली असन."

त्या मोकळ्या बांधीत वारा नव्हता. मचाणावरचं गवताचं छप्पर तरी मधूनच हलत होतं. खार असेल, मी म्हटलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. तेव्हा मला कळलं की तो झोपत का नाही. आमच्या भागात कालव्याचं पाणी असल्यानं धान दोनदा होतं, म्हणून जागलही दोनदा, आणि मधल्या महिन्यांत माणूस झोप भरून काढतो. भावाची मात्र मधल्या महिन्यांतही जागल चालूच होती. घरातल्या खाटेवर.

मंगळवारी मी त्याला गाडीनं गोंदियाला आणलं. वहिनीही आली, आई शेजारणीकडे राहिली. डॉक्टरांनी जखम पाहिली, रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या पाहिल्या, जेवण विचारलं. वहिनीनं पथ्य असं घडाघडा सांगितलं की त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी चष्मा काढला.

"नींद कितनी होती है, भैया?"

वहिनीच म्हणाली, "झोप? झोपू देतो कोठी आम्ही त्याहिले!"

डॉक्टरांना वाटलं ती थट्टा करते आहे. मी सगळं सांगितलं. हाक, ओ, पाणी, नाव. जरा लाज वाटत होती, पण अर्धवट माहिती देऊन डॉक्टरकडे जाण्यात अर्थ नसतो. ते हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. झोप रोज अपुरी पडली किंवा तुटत राहिली की शरीर संकटात असल्यासारखं वागतं. लागली तर हाताशी असावी म्हणून रक्तात साखर सोडून ठेवतं. इन्सुलिन असतं, पण त्याचं काम धड होत नाही. वर भूक वाढते, पोट भरलेलं असलं तरी. साखर वाढली की रात्री लघवीला उठावं लागतं, आणि उठलं की झोप पुन्हा तुटते. गोळी बंद करायची नाही, पथ्य सोडायचं नाही, नुसत्या झोपेनं मधुमेह जात नाही. पण नुसत्या गोळीनंही हा आकडा उतरणार नाही. रात्रीची सलग झोप हवी, सात तासांच्या आसपास. दिवसभर लोळणंही नको, त्यानं भरपाई होत नाही.

"अन् हाक देली त?" वहिनीनं विचारलं.

"तो देने दीजिए. जगाइए मत."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना वहिनी एकदम थांबली. "म्हंजे आम्ही जीव वाचवाले पानी मारत होतो, अन् तेच..." भाऊ म्हणाला, "चाल ना वं, ऊन लागून राहिलं." आणि तिच्या हातातली पिशवी स्वतः घेतली.

मी ठरवून टाकलं. जखम भरेपर्यंत भाऊ मुर्रीला राहील. वहिनी गावी परत गेली. मी माझ्या पद्धतीनं सगळं बसवलं. जेवण लवकर, संध्याकाळनंतर चहा बंद, दिवा ठरल्या वेळी बंद, ड्रेसिंग रोज सकाळी. पुढच्या खोलीत त्याची खाट लावली. मुर्रीत रानडुकरं नाहीत, मचाण नाही, रात्री दुरून गाड्यांचा आवाज येतो. इथे तो हाक देणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं.

पहिल्याच रात्री त्यानं दिली. आमचे हे दचकून उठले आणि म्हणाले, "तुझा भाऊ रेल्वेत गार्ड म्हणून लागायला हवा होता." कूस बदलून झोपलेही. मी दारात जाऊन उभी राहिले. ओ द्यायची नाही, हात लावायचा नाही, एवढंच माझं काम होतं. सोपं काम. भाऊ मान उचलून थांबला होता. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड त्याच्या गळ्यावर पडला होता. तो कान देऊन होता, आणि माझ्या लक्षात आलं की मीही कान देऊन होते. मुर्रीच्या त्या गल्लीत, बंद खिडकीशी, मी एका मेलेल्या माणसाच्या ओची वाट पाहत होते. ती आली नाही. भावानं पुन्हा हाक दिली, आधीपेक्षा मोठी. पुन्हा थांबला. त्याच्या तोंडावर असं काही आलं की मला ते पाहवलं नाही. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. तो शेवटी आडवा झाला, पण झोप लागली नाही त्याला. सकाळी डोळे लाल.

असं चार-पाच रात्री चाललं. डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं, पण अर्ध्यावर अडलं होतं. जागा केलं तर झोप मोडत होती आणि ओ नाही मिळाली तरी मोडत होती.

तोडगा आईनं काढला. तिला राहवलं नाही म्हणून ती कोणाच्या तरी सोबतीनं गाडीत बसून मुर्रीला आली. मी तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "जागं नाही करत. पन ओ देल्याशिवाय मी राहत नाही." त्या रात्री तिनं भावाच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरूण टाकलं. हाक आली. आईनं उठून न बसता, डोळेही न उघडता, हळू आवाजात म्हटलं, "होऽऽ." लांबून यावी तशी. भावानं हुंकार दिला, मान टेकवली आणि घोरायला लागला. सकाळी मला त्याला हलवून उठवावं लागलं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. त्याची अवेळी भूक गेली. साखरेचा आकडा हळूहळू उतरला, जखमेच्या कडा लाल झाल्या, मग गुलाबी. डॉक्टरांनी अंगठ्याचा विषय काढणं बंद केलं. चेहऱ्यावरची सूज गेली. संक्रांतीच्या सुमाराला तो स्वतःच्या दोन्ही पायांनी, चपला घालून गावी गेला. जागलीला पुढे माणूस लावला. आई त्याच्या खोलीत झोपायला लागली, आणि वहिनी म्हणायची, आत्याबाई स्वतः घोरतात अन् मधातच ओ देतात, त्याहिलेही माहीत नाही राहत. कित्येक वर्षं तसंच चाललं. घरामागची मुंग्यांची रांग दिसेनाशी झाली.

२०११ च्या पावसाळ्यात आई गेली.

दिवस झाल्यावरही मी थोडी राहिले होते. माझी काळजी एकच होती, आता ओ कोण देणार. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "मी त झोपते बाई आता. मले नाही ऐकू येत." ती दुपार होती. भाऊ सपरीत त्याच खाटेवर. घरात आम्ही दोघी, आतल्या दाराशी. बाकी कोणी नाही. मी मोजलं.

"होऽऽऽ रे होऽऽ!"

वहिनीचा हात परातीत थांबला. मी तोंड उघडलं, ओ देणारच होते. पण त्याआधी भावानं तोच समाधानाचा हुंकार दिला, मान टेकवली आणि कूस बदलली. त्याचा श्वास लांब, संथ लागला.

वहिनी माझ्याकडे पाहत होती. "तुम्ही देली?"

"नाही. तू?"

"मी नाही."

मग तिनं कणीक मळायला घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, "झोपून आहेत ना? राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेताच्या टोकाला गेले. मचाण उभं होतं. खांब ऐनाच्या लाकडाचे, ते टिकतात. पण बांधणीचा दोर इतके पावसाळे टिकत नाही, आणि तो दोर नवा होता. गाठी नीट मारलेल्या, छपराचं गवत ताजं. खांबाजवळ बसून जिथे पाठ टेकते तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. मी भावाला त्याबद्दल विचारलं नाही. त्याची साखर त्या आठवड्यात चांगली होती.

मी कामं मागे ठेवणारी बाई नाही. आई होती तोवर तिचा चष्मा, मशीनची सुई, लिंपण, वर्षातून दोनदा भावाची रक्ततपासणी, डोळ्यांची, पायांची, सगळं वेळेवर होत आलं आहे. तो रात्री दहाला झोपतो, पाचला उठतो, अंगठा जागेवर आहे. माहेरच्या यादीत दरवर्षी तळाशी एक काम मी नव्यानं उतरवून घेते. कोयता घरात आहे. उतरवायचं कोणी, तेही ठरलेलं आहे. गेल्या दिवाळीनंतर भाऊ स्वतःहून म्हणाला, "यंदा उतरवू, बाई," आणि आम्ही दोघं बांधापर्यंत गेलोही. तो पाहत राहिला. मग म्हणाला, "उद्या." मी लगेच म्हटलं, "चालेल."

टोकाचं मचाण उतरवायचं राहिलं आहे.